सोनबाशेटच्या रुसलेल्या कळ्या

पाय पांघरुणात घ्या बघू सगळ्यांनी. हां. तर एका नगरात होता एक फुलांचा अडत्या. सोनबाशेट त्याचं नाव. अडत्या म्हणजे कोण? तर मळेवाल्यांच्या गाड्या रोज सकाळी त्याच्या दारात सुटायच्या, आणि तिथनं फुलारणी टोपल्या भरून गावभर विकायला न्यायच्या. सोनबाशेट पोटानं गोल, मनानं वाईट नव्हता. पण गादीवरनं उठायचा भारी कंटाळा. फूल कुणाच्या दारी जातं, कुणाच्या वेणीत बसतं, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, बरं का.

एकदा काय झालं, राजाच्या लेकीचं लग्न निघालं. गोरज मुहूर्त. राजानं निरोप धाडला, मांडव फुलांनी झाकून टाका. सोनबाशेटची छाती अशी फुगली! त्यानं नगरात येणारं सगळं फूल अडवलं नि कोठीत भरलं. मोगऱ्याचा एक ढीग, सोनचाफ्याचा एक, निशिगंधाचा एक. सगळ्या कळ्याच कळ्या. फुलारणी आल्या, तर आज काही मिळायचं नाही म्हणाला. बिचाऱ्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या.

मग ऊन चढलं. सोनबाशेटनं कोठी उघडली. बघतो तर काय, एकसुद्धा कळी उमललेली नाही! मग त्यानं पाणी शिंपडलं, वाळ्याच्या पंख्यानं वारा घातला, शेवटी हात जोडले. कळ्या आपल्या गप्प. शेटजी मटकन खालीच बसला. हारावाचून राजाची लेक बोहल्यावर उभी राहायची कशी? त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात मोगऱ्याच्या ढिगातनं बारीक आवाज आला.

"आम्ही सगळ्यांनी एकाच दारी जायचं होय? मग बाकीच्या दारांनी काय करायचं? आधी तीन दारी आम्हाला ने. तू स्वतः ने, डोक्यावर टोपली घेऊन."

काय करतो! घेतली टोपली. चालायची सवय नाही, धापा टाकतोय. हाळी कशी द्यायची तेही ठाऊक नाही. "फु... फुलं" असं पुटपुटत निघाला. आळीतली कुत्रीसुद्धा बघायला आली.

पहिल्या दारी बारसं होतं. बाळ रडून रडून लाल झालेलं. त्याच्या आईनं मोगऱ्याच्या चार कळ्या पाळण्याला बांधल्या, तशा त्या टपकन उमलल्या नि बाळ हसलं. तिकडे कोठीतला मोगराही फुलला. वास थेट आळीत आला की!

मग दुसरं दार. तिथं एक म्हातारा विणकर, डोळ्यांनी आंधळा. त्यानं सोनचाफ्याची एकच कळी घेतली. ती त्याच्या तळव्यावर उमलली. त्यानं ती हुंगली नि हळूच म्हणाला, "पिवळा रंग दिसला हो आज मला." सोनबाशेट टोपली उचलायची विसरून तिथंच उभा राहिला.

मग तिसरं दार. ओट्यावर गंगी नावाची चिमुरडी बाहुलीचं लग्न मांडून बसली होती. तिला हवे होते दोन हार. शेटजीला कुठं ओवता येतंय? आणि सूर्य तर खाली निघालेला. द्यावी ओंजळभर नि पळावं, असं त्याला वाटलं. पण गंगीचं तोंड एवढंसं झालं. मग बसला मांडी घालून. केळीच्या दोऱ्यात निशिगंध ओवला. गाठ सुटली, परत मारली. हार झाले वेडेवाकडे.

"मामा, अक्षता टाकल्याशिवाय जायचं नाही हं," गंगी म्हणाली.

टाकल्या. वर बेसूर मंगलाष्टकही म्हटलं! आणि बाहुल्यांच्या गळ्यात निशिगंध घमघमला, तशा तिकडे कोठीतल्या उरलेल्या कळ्याही उमलल्या.

मग शेटजी पळत सुटला तो फुलारणींच्या वस्तीवर. चुकलो म्हणाला, कोठीतली निम्मी फुलं तुमची, पण आता हार गुंफायला चला. फुलारणी हसल्या, उठल्या. भराभर हार झाले, मांडव सजला, नि फुलारणींच्या टोपल्या गावभर फिरल्या. दिवेलागणीला राजाच्या लेकीनं माळ घातली, आणि त्याच घडीला नगरातल्या दारोदारी, वेणीवेणीत फुलं होती. वरातीच्या पालखीतून तिनं ते पाहिलं नि तिला केवढा आनंद झाला!

पुढं सोनबाशेट रोज सकाळी एक फेरी स्वतः मारू लागला. गंगीची बाहुली लग्नानंतर माहेरी आली, तेव्हा त्या पाचपरतावणालाही तिनं त्याला बोलावलं. ती सगळी सुखानं नांदली, तुम्हीही नांदा. मिटा आता डोळे.