सावळखिंडीचा मुका पाळणा

बसा असे सावलीला, चहा होतोय. मघाशी त्या कोपऱ्यावरच्या घरात बाळाला झोपवणारी बाई ऐकलीत ना? या ताई मला विचारत होत्या, मामा, ती शब्द विसरली का म्हणून. विसरली नाही हो. सावळखिंडीत पाळण्याला शब्दच नसतात. चाल असते, दोरी ओढायचा ठेका असतो, पण साधं जो जो सुद्धा कुणी म्हणत नाही. नुसतं गुणगुणायचं. बाहेरगावची पोरगी इथं सून म्हणून आली की तिची सासू तिला शेजारी बसवून हे गुणगुणणं शिकवते. याला आम्ही मुका पाळणा म्हणतो.

तो मुका कसा झाला ते सांगतो, पण एक अट आहे. ज्या बाईमुळं हे झालं ती कुठल्या वाडीची, कुठल्या धर्माची, हे मला विचारायचं नाही. मागं एक साहेब आले होते. फिरून फिरून तेच विचारायला लागले, तेव्हा मी गोष्ट अर्धी टाकून शेळ्या आणायला निघून गेलो. मला राग येतो, काय करू? आम्ही ते सांगत नाही आणि आता खरं म्हणजे आम्हालाही ते माहीत नाही.

ही समोरची खिंड. हिच्या उगवतीला एक वाडी, मावळतीला एक वाडी. एकीत देऊळ, एकीत मशीद, आणि दोन्हींच्या भिंती याच डोंगराच्या काळ्या दगडाच्या. खिंडीत झरा आहे, गावाला पाणी तेवढंच. जमीन म्हणाल तर खडकाळ. दोन्हीकडं हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढायचे, दोन्हीकडच्या लुगड्यांना सारखीच ठिगळं. आणि तरी म्हणे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. झऱ्यावर सकाळी एका वाडीची पाळी, दुपारनंतर दुसरीची. पाळी चुकली की डोकी फुटायची. पहिलं भांडण कशावरून लागलं, हे तेव्हाच्या म्हाताऱ्यांनासुद्धा सांगता येत नव्हतं.

वैर मात्र पक्कं आठवत होतं, कारण ते पाळण्यात होतं. आता हे नीट ऐका, सगळं यातच आहे. त्या काळी दोन्ही वाड्यांतल्या आया पाळण्यात राघू-मैना म्हणत नसत. मेलेल्यांची नावं म्हणत. प्रत्येक मेलेल्याची एक ओळ: आपला अमका, त्याला मारला पलीकडच्या तमक्यानं. आजोबा, पणजोबा, त्याच्याही मागचे. पोराला आपल्या बापाचं नाव घेता यायच्या आधी बापाच्या वैऱ्याचं नाव पाठ झालेलं असायचं. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. मेलेल्यांना विसरायचं नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

आणि एक नेम होता, दोन्हीकडं सारखाच. माणूस मारला गेला की सूड मागायचा हक्क त्याच्या आईचा, आई नसेल तर बायकोचा. तिनं चारचौघांत मारणाऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की कोयते निघायचे आणि पाळण्यात एक ओळ वाढायची. नाव आल्याशिवाय कोयता उचलायचा नाही. नेम मोडणाऱ्याच्या घरच्या मेलेल्यांना माती पोटात घेत नाही, अशी समजूत होती.

अशा गावात गुलाबआई नावाची बाई राहायची. नावावरून ओळखायला जाल तर फसाल, गुलाब आमच्याकडं दोन्ही वाड्यांत निघतात. नवरा लवकर गेलेला. लागोपाठ मुलं गेली, म्हणून शेवटच्याला नजर लागू नये यासाठी त्याचं नाव दगडू ठेवलं. दगडू पण दोन्हीकडं असतात, सांगून ठेवतो. हा जगला. उंचापुरा झाला, आईला शेणाची पाटी उचलू देत नसे. लग्न ठरत आलं होतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि झरा आटत चालला. त्यातच दोन्ही वाड्यांत बाहेरून एकेक पाहुणा येऊन राहिला. एक देवळात उतरला, एक मशिदीत. कपडे वेगळे, भाषा वेगळी, पण बोलायचे एकच. म्हणायचे, पाणी आटलं ते पलीकडच्यांच्या पापानं. तुमचा धर्म बुडत चाललाय आणि तुम्ही माडगं पीत बसलात. उपाशी माणसाला असलं बोलणं लवकर चढतं. जुनी माणसं कुरकुरली म्हणे, पण पोरं संध्याकाळी पाहुण्यापुढं जाऊन बसायला लागली. दगडूही बसायला लागला. पाहुण्यानं नवीन काही शिकवलं नव्हतं हो. पाळण्यात ऐकलेलंच तो मोठ्यानं सांगत होता, म्हणून पोरांना ते खरं वाटलं.

एक दिवस आपल्या वाडीची पाळी संपून गेल्यावर दगडू कोयता घेऊन झऱ्याकडं निघाला. गुलाबआईनं बघितलं आणि ती तशीच पिठाच्या हातानं मागं धावली. ती पोचेपर्यंत झऱ्यावर पलीकडचा एक जण आलेला होता. त्याच्याही हातात कोयता होता. कुणी आधी उचलला, ते ती कधी बोलली नाही. ती वळणावर आली तेव्हा दगडू पडला होता आणि दुसरा उभा होता. तिनं आणि त्यानं एकमेकांकडं बघितलं. मग तो पळाला.

लोक जमले तेव्हा ती पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली होती. म्हणतात, ती तेव्हा पाळणा म्हणत होती, तोच, नावांचा. म्हणता म्हणता ती शेवटच्या ओळीशी आली, जिथं आता दगडूची ओळ यायला हवी होती. तिथं थांबली आणि गप्प झाली.

तिसऱ्या दिवशी सगळी वाडी तिच्या दारात उभी राहिली. पाहुणा पुढं होता. दिरानं विचारलं, वहिनी, तुम्ही बघितलंत त्याला? बघितला, म्हणाली. ओळखलंत? ओळखला. मग घ्या नाव.

तेव्हा ती जे बोलली ते इथं लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, "माझ्या दगडूला त्यानं झऱ्यावर मारला. पण त्याला झऱ्यावर धाडला मी, पाळण्यातून. आता आणखी कुणाचं पोर मी धाडणार नाही. नाव मी घेणार नाही."

लोकांना आधी वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय, उतरेल. पाहुण्यानं गोड बोलून बघितलं, मग भीती घालून बघितलं. पोराच्या आत्म्याला शांती मिळणार नाही म्हणाला. सगळी पलीकडची वाडीच जाळा, म्हणाला. तर ती उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, एकानं मारलंय, तो मला माहीत आहे; दुसऱ्या कुणाच्या केसाला धक्का लागला तर तुम्ही नेम मोडलात असं मी दोन्ही वाड्यांत फिरून सांगेन. दीर स्वतः म्हातारा माणूस, आधीच घरातल्या दोघांची माती झालेली. तो मागं सरला. नेम कुणालाच मोडवेना.

मग वाडीनं तिला वाळीत टाकलं. तिला कुणी विस्तव देईना, पाण्याच्या पाळीत उभं करून घेईना. पोराच्या रक्ताशी बेइमान झाली, असं तिला तोंडावर म्हणायचे. आणि तिला कमी वाटत होतं का? शेजारची हिरा सांगायची, म्हातारी रोज दुपारी पोराचा सदरा मांडीवर घ्यायची आणि तोंडात पदर कोंबून बसायची. नाव जिभेवर यायचं हो. आईच ती. ज्यानं आपलं एकुलतं एक मारलं तो डोंगराच्या पलीकडं भाकरी खातोय, हे माहीत असून गप्प बसायचं म्हणजे काय, ते तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. मला त्या बाईचा अभिमान वाटतो, सरळ सांगतो. हत्यार घेऊन धावणारे पुष्कळ झाले, त्यांची नावं मोजता येणार नाहीत. हिच्याइतकं जड काम कुणी केलं नाही.

आता पलीकडं काय झालं ते बघा. तिथं नाव आलं नाही, म्हणून पहिले काही दिवस हायसं वाटलं. मग आयांच्या मनात किडा वळवळायला लागला. दगडूच्या वयाची पोरं घरोघर होती. माझा तर नसेल? कुणी पोराला विचारलं तर तो मान खाली घालायचा, पण मान सगळीच पोरं खाली घालत होती. तिनं एक नाव घेतलं असतं तर एक घर उघडं पडलं असतं आणि बाकीची घरं सुटली असती. तिनं नाव घेतलं नाही, म्हणून एकही घर सुटलं नाही.

एका सकाळी गुलाबआईनं दार उघडलं तर उंबऱ्याशी पाण्यानं भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी दुसरी घागर, तिच्यावर झाकण म्हणून भाकरी. पलीकडच्या आया उजाडता उजाडता खिंड ओलांडून यायच्या, ठेवायच्या, न बोलता जायच्या. आज एक, उद्या दुसरी. माझ्याच पोराचं पाप असलं तर, असं प्रत्येकीला वाटायचं. इकडच्यांनी एकदा घागर फोडली. दुसऱ्या दिवशी दोन आल्या. मग हिराला लाज वाटली. शत्रूच्या बायका पाणी देतात आणि आपण शेजारी असून विस्तव देत नाही, असं म्हणून तिनं गोवरीवर विस्तव नेऊन दिला. तिचं बघून बाकीच्या द्यायला लागल्या.

पाहुण्यांचं मग काही चालेना. पलीकडच्या आयांनी पोरांना तिकडच्या पाहुण्यापुढं बसू देणं बंद केलं. इकडच्याला सांगायला नवीन नाव नव्हतं, जुनी ऐकून लोक कंटाळले. पाऊस पडला, पेरण्या आल्या. दोघेही आपापल्या वाटेनं निघून गेले आणि त्यांना निरोप द्यायला कुणी गेलं नाही.

पाळण्याचं काय झालं म्हणता? दगडूची ओळ तर म्हणायलाच हवी होती, मेलेला होता ना. पण मारणाऱ्याच्या नावाच्या जागी बायका अडायच्या. तिथं नुसतं गुणगुणून पुढं जायच्या. पोरं विचारायची, इथं काय आहे? आया म्हणायच्या, काही नाही, झोप. त्या गुणगुणण्याशी आल्यावर पोरं लवकर झोपतात, असं बायकांच्या ध्यानात आलं म्हणे. मग आधीच्या ओळीचं नाव गेलं, मग तिच्या आधीच्या. पलीकडच्या वाडीतही तेच झालं. सुना आल्या, लेकी गेल्या आणि सगळा पाळणा मुका झाला.

बरीच वर्षं गेल्यावर एकदा दिवेलागणीला हिरा विस्तव द्यायला गेली होती. दारात एक बाप्या उभा, अंगावर घोंगडी, कानांवरचे केस पिकायला लागलेले. तो गुलाबआईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, त्या दिवशी झऱ्यावर मी..." पुढचं बोलायच्या आत म्हातारीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "तू बोललास तर तुझं ओझं उतरेल आणि गावावर चढेल. ऊठ. माझी घागर रिकामी आहे, भरून आण."

तो उठला, घागर घेतली आणि झऱ्याकडं गेला. त्यानंतरही तो पाणी आणत राहिला असेल, पण सांगणार कसं? तोवर पलीकडचे पुष्कळ जण तिचं पाणी भरत होते. हिरानं त्याचं तोंड बघितलं होतं. तिला लोकांनी फार छेडलं, पण तीही कोण ते न सांगता मेली. गावाला आता सवय लागली होती.

गुलाबआई गेली ती उन्हाळ्यात. तिची वाडी जमली. पोटचा कुणी नाही, तेव्हा पहिला खांदा कोण देणार, यावर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात खिंडीतून माणसं उतरताना दिसली. पलीकडच्या वाडीचे, दगडूच्या वयाचे, जितके जिवंत होते तितके सगळे. रिकाम्या हातांनी, अनवाणी. इकडच्यांना कळेना काय करावं, कोयते घेऊन यायची सवय होती त्यांची. येऊन उभे राहिले आणि म्हणाले, पोरगा म्हणून खांदा द्यायला आलोय.

दीर खूप म्हातारा झाला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्यातला तिचा पोरगा कोण?"

त्यांच्यातला एक जण पुढं आला. तो चाचा म्हणाला की काका, ते सोडा. म्हणाला, "ते ती बोलली नाही. म्हणून आम्ही सगळेच."

म्हातारा बाजूला झाला. त्यांनी तिला उचललं. दारापासून मातीच्या जागेपर्यंत पलीकडच्यांनीच नेलं, आळीपाळीनं खांदा बदलत, आणि तिची वाडी मागून चालली. त्या खांदेकऱ्यांत तो होताच, नसून कसं चालेल? पण कोण, ते कुणाला कळलं नाही. कारण रडत सगळेच होते.

आजही उगवतीला माती झाली की पहिला खांदा मावळतीचा, आणि मावळतीला झाली की उगवतीचा. आणि खांदेकऱ्यांपैकी कोण जास्त रडतोय, हे इथं कुणी मान वर करून बघत नाही.