रूथमावशींचं पीक

पिंपळदऱ्याच्या चर्चचं छप्पर नेमकं गायनमंडळाच्या बाकांवर गळायचं. रूथमावशी डोक्यावर पदर घेऊन गायच्या, तर पदरच चिंब व्हायचा. पण चर्चचे चिटणीस शांतवनराव साळवे दर बैठकीत ठासून सांगायचे, "छप्पर ठणठणीत आहे! बायकांना कुरकुरायची सवयच." त्यांना आधी चर्चच्या दारात वडिलांच्या नावाची कमान उभारायची होती ना!

सुगीचा सण आला. पिकलेल्यातलं पहिलं देवाला वाहायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही तिथली रीत. यंदा खुद्द बिशपसाहेब आले होते. कुणी भोपळे आणले, कुणी कणसं, कुणी कोंबडी. रूथमावशी झाकलेलं ताट घेऊन पुढे आल्या, तशी शांतवनरावांनी सगळ्यांदेखत फिरकी घेतली, "मावशी, तुम्हाला वीतभर जमीन नाही. तुमचं कसलं पीक?"

मावशींनी रुमाल काढला. ताटात पांढरीशुभ्र अळंबी!

"वा! कुठल्या रानातली?" बिशपसाहेबांनी कौतुकानं विचारलं.

"रानातली कशाला, साहेब? आमच्या गायनमंडळाच्या बाकाखाली उगवली. पेरणी नाही, खुरपणी नाही. पाण्याची सोय तेवढी आमच्या चिटणीसांनी केली."

सगळं चर्च खदखदून हसलं. शांतवनराव आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. उपासनेनंतर लिलावात अळंबीची पाळी आली. हार मानणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते उभे राहून म्हणाले, "ही अळंबी माझी! कमान राहू द्या, छप्पर मी करून देतो."

मावशींनी ताट त्यांच्या हातात दिलं. "घ्या, शांतवनराव. पुढच्या सुगीला मात्र मी रिकाम्या हातानं येणार हं!"