चिंगीचं माहेर

मोहोळकरसाहेबांची तहसीलदारी संपली, पण रुबाब काही गेला नाही. बंगल्यापुढची हिरवळ म्हणजे त्यांचा तालुकाच! शेजारच्या विमलताई रेडकरांची चिंगी मांजर तिथे लोळली, की साहेबांचा पारा चढे आणि विमलताई माफी मागून तिला उचलून नेत.

एका सकाळी मात्र चिंगी थेट साहेबांच्या वेताच्या खुर्चीखालीच व्याली. साहेबांनी सारी गल्ली गोळा केली.

"बाई, शेजारधर्म म्हणून आजवर सोसलं. आज हिला पिल्लांसकट पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतो!"

विमलताईंनी हसून विचारलं, "साहेब, ही एवढीशी होती तेव्हा आमच्याकडे दिली कुणी?"

"मीच! आमच्याच मनीची ही. घरात फार उच्छाद मांडला, म्हणून दिली."

"मग हे हिचं माहेरच की! लेकीनं पहिल्या बाळंतपणाला दुसरं कुठे जायचं?"

गल्लीत खसखस पिकली. साहेब काही बोलणार, तोच त्यांच्या पत्नी दुधाची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"अहो आजोबा, सरका! ओली बाळंतीण आहे, वारा लागेल तिला."