एका दिवसाचा एक थर

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी चंद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी गवंड्याच्या कुळात जन्म घेतला होता. नगरातल्या साऱ्या गवंड्यांचे ते प्रमुख होते.

एका हिवाळ्यात वेशीबाहेरची बुरुडांची वस्ती आगीत जळाली. बांबू विणून पोट भरणारी ती वीस कुटुंबे झाडांखाली राहू लागली. बोधिसत्त्व ते पाहून आले आणि त्यांनी गवंड्यांना बोलावले.

ते म्हणाले, "मातीची भिंत एका दिवसात एकच थर मागते. तो वाळला की दुसऱ्या दिवशी दुसरा. थर घालायला लागतो एक प्रहर. तेवढा पहाटेचा प्रहर द्या, मग आपापल्या कामाला जा."

"मजुरी?" एकाने विचारले.

"बुरूड टोपल्या देतील."

"घरात टोपल्या इतक्या झाल्यात की बायको मलाच एकीत झाकून ठेवील!" तो म्हणाला. सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच सर्वांच्या आधी वस्तीवर हजर होता.

हे ऐकून शिवदत्त नावाचा एक व्यापारीही मदतीला आला. त्याने कधी चिखल तुडवला नव्हता, पण मनाने तो चांगला होता. बोधिसत्त्वांनी त्याला तमाली नावाच्या म्हातारीच्या घरी नेमले. तमालीच्या सुनेचे दिवस भरत आले होते. बाळ छपराखाली जन्मावे, एवढेच म्हातारीचे मागणे होते.

सुनेला थंडीने कुडकुडताना पाहून शिवदत्ताला राहवले नाही. एके दिवशी गवंडी निघून गेल्यावर त्याने एकट्याने ओल्या थरावर आणखी दोन थर चढवले. दुपारी भिंतीला पोट आले आणि ती बसली. कोणाला लागले नाही, पण आठ दिवसांचे काम मातीत गेले.

तमाली कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे बाबा, टोपलीचा तळ घट्ट बसल्याशिवाय आम्हीसुद्धा वर विणत नाही."

शरमेने शिवदत्ताची मान खाली गेली. बोधिसत्त्व आले तेव्हा तो म्हणाला, "मी माझे नोकर पाठवतो. मी पुन्हा इथे हात लावणार नाही."

बोधिसत्त्वांनी पडलेल्या मातीत हात घातला. ती अजून ओली होती. ते म्हणाले, "नोकर नकोत. उद्या पहाटे तूच ये. भिंत कशी पडते ते आता तुला कळले आहे. असा माणूस मी कसा सोडू?"

पण नव्या थरांना आता दिवस उरले नव्हते. बोधिसत्त्वांच्या अंगणात मात्र वाळलेल्या कच्च्या विटा रचलेल्या होत्या. मुलाचे लग्न ठरले होते आणि त्याच्या खोलीसाठी त्या त्यांनी वर्षभर सवडीने पाडल्या होत्या. त्यांनी पत्नीला विचारले.

"विटा देऊन टाका, आणि सुनेला माझ्या डोक्यावर झोपवा!" ती म्हणाली.

"लग्न चैत्रात आहे. तोवर पुन्हा पाडू."

"आणि नाही झाल्या पुऱ्या तर?"

"तर मुलांना आपली खोली देऊ. आपण दोघे ओसरीवर."

तिने पदर खोचला आणि पहिली वीट स्वतः उचलली.

दुसऱ्या पहाटे अंगणापासून वस्तीपर्यंत माणसांची रांग लागली आणि विटा हातोहात गेल्या. शिवदत्त बोधिसत्त्वांच्या शेजारी बसून ओळंबा धरून भिंत सरळ आहे का ते पाहायला शिकला. प्रत्येक वीट बसवताना तो विचारी, "बरोबर आहे का?" बोधिसत्त्व प्रत्येक वेळी वाकून पाहत, चुकली असेल तर काढून पुन्हा त्याच्याच हातात देत. चौथ्या दिवशी छप्पर चढले. सहाव्या दिवशी सकाळी आतून बाळाचे रडणे ऐकू आले. तेव्हा शिवदत्त शेजारच्या घराचा थर घालीत होता. तो थर पुरा झाला तेव्हा त्याने खोरे खाली ठेवले आणि चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले. त्या दिवशी दुसरा थर त्याने घातला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची तमाली म्हणजे आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका तिलका. तेव्हाचा शिवदत्त म्हणजे घाईने चूक झाली म्हणून मान खाली घालून बसलेला हा भिक्खू सुभग. आणि तो गवंडी मीच होतो. चांगल्या मनाने चुकलेल्याची चूक जो आपल्या अंगावर घेतो आणि त्याच्या हातातले काम काढून घेत नाही, त्याने क्षांती, म्हणजे खरी क्षमा आणि सहनशीलता, जाणली."