पाच नंबरचे दोन धनी

घराघरांत वायफाय नवंनवं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका घरातला राऊटर रोज सकाळी जागा झाला की प्रत्येक यंत्राला एकेक नंबर द्यायचा. त्याच नंबरावर ज्याचं त्याचं सामान पोचायचं. जुना कॉम्प्युटर मात्र कधी मागायला गेला नाही. "या घरात मी सगळ्यांच्या आधी आलो," म्हणत त्यानं पाच नंबर स्वतःच लावून घेतला होता.

एके दिवशी नवा लॅपटॉप आला. राऊटरनं त्याला पाच नंबर देऊन टाकला.

त्याच दुपारी काच तडकलेला मोबाईल धापा टाकत म्हणाला, "माझी बॅटरी संपत आलीय. बाळाच्या पहिल्या चालण्याचा व्हिडिओ माझ्यापाशी आहे. पाच नंबरवर पाठवतोय, सांभाळा."

"मीच पाच!" दोघंही एकदम ओरडले. बाळ अर्धं इकडे गेलं, अर्धं तिकडे गेलं आणि कुठेच चाललं नाही.

"नंबर माझा आहे!" कॉम्प्युटर गरजला.

"मला तर राऊटरदादांनी दिला," लॅपटॉप रडवेला झाला.

"काका, तुम्ही पाच घेतलाय हे मला सांगितलंच नाहीत," राऊटर म्हणाला.

मोबाईलची स्क्रीन मंद होऊ लागली. कॉम्प्युटरनं ती पाहिली आणि पाच नंबर सोडून दिला. "दे बाबा, कुठलाही दे. पण लवकर दे."

राऊटरनं लॅपटॉपला सहा नंबर दिला आणि कॉम्प्युटरला पाचच. "हा कायमचा तुमच्या नावानं राखून ठेवला, काका. मागितला असतात तर पहिल्याच दिवशी दिला असता."

मोबाईलनं उरल्यासुरल्या बॅटरीवर व्हिडिओ पुन्हा पाच नंबरवर पाठवला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बाळ पडलं, उठलं आणि चालायला लागलं.