नव्या बाटलीचा पायगुण

एकदा धान्याचा एक भुसारी व्यापारी आपल्या लेकीला आणि नव्या सुनेला घेऊन त्वचेच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे आला, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच भांडायला लागला.

कारण तसेच होते. लेकीचे, रेवतीचे, लग्न मार्गशीर्षात ठरले होते. गालांवर जुन्या मुरमांचे डाग होते, म्हणून सुनेने हा दवाखाना सुचवला. डॉक्टरांच्या हाताखाली हेमांगी नावाची एक तरुण डॉक्टर शिकत होती. तिने रेवतीला तपासून नायसिनमाइडचे सीरम लिहून दिले. ब जीवनसत्त्वाच्या कुळातले हे सौम्य औषध. डाग सावकाश फिके करते, त्वचेला बळ देते. संध्याकाळी तोंड धुवावे आणि चेहऱ्याला थोडे लावावे, यापलीकडे त्यात काही कठीण नव्हते. पण थोड्याच दिवसांत मुलीचा चेहरा लालबुंद झाला. कातडी सोलून निघू लागली, साधे पाणी लागले तरी आग होऊ लागली. हळदीचा दिवस तोंडावर आलेला आणि नवरी आरशासमोर जायला तयार नाही.

व्यापाऱ्याने हेमांगीला नको नको ते ऐकवले. सुनेलाही सोडले नाही. ही घरात आल्यापासून एक काम धड होत नाही, दवाखानाही हिनेच शोधला, असे तो चारचौघांत म्हणाला. सून दाराशी मान खाली घालून उभी होती. हेमांगीचा चेहरा तर रेवतीपेक्षाही उतरला. आपल्या हातून एका मुलीच्या लग्नाचा विचका झाला, हे तिने मनाशी पक्के करून टाकले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. मग मुलीच्या चेहऱ्याला जे जे लागते ते झाडून सगळे घरून आणायला सांगितले. नुसते औषध नव्हे, साबण, पावडर, न्हाणीघरातले डबेसुद्धा. व्यापारी कुरकुरला, पण सून गेली आणि पिशवी भरून घेऊन आली. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिले, ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. आता फक्त सौम्य साबण आणि साधे मलम, बाकी काही नाही, असे त्यांनी रेवतीला बजावले.

चेहरा निवला. लाली गेली, आग थांबली. व्यापारी खुशीत येऊन आभार मानू लागला, तोच डॉक्टरांनी कपाट उघडले आणि नेमकी तीच सीरमची बाटली काढून रेवतीच्या हातात ठेवली.

व्यापारी ताडकन उठला. हेमांगीने डॉक्टरांना बाजूला घेऊन काकुळतीने विनवले, की विस्तवाशी पुन्हा खेळ कशाला? हे औषध जन्मात लिहायचे नाही असे तिने ठरवून टाकले होते. डॉक्टर मात्र ठाम होते. आधी कानाजवळ एक थेंब लावायचा, काही झाले नाही तर मग पूर्ण चेहऱ्याला, आणि त्याच्या जोडीला तोच साबण आणि तेच मलम. रेवती जरा घाबरली, पण हो म्हणाली.

मधले दिवस हेमांगीने कसे काढले ते तिचे तिलाच ठाऊक. दवाखान्याचे दार वाजले की ती हातातले काम टाकून उठायची. अखेर रेवती वडील आणि वहिनीबरोबर आली. हेमांगीने तिला उजेडात बसवले, गालावरून बोटे फिरवली. त्वचा मऊ होती, गार होती. लालीचा मागमूस नव्हता. हेमांगीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा डॉक्टरांनी पिशवीतून एक डबा काढून मेजावर ठेवला. आत जाडसर दळलेले मसुराचे पीठ होते. हे काय, असे त्यांनी विचारले. रेवतीने सरळपणे सांगितले. दिवाळीचे उटणे संपले म्हणून बाबांनी दुकानातून पीठ पाठवले होते. औषध लवकर लागू पडावे, म्हणून आई रोज सकाळी त्यात लिंबू पिळून तिचा चेहरा खसाखसा घासून द्यायची. बाबांचीच तशी ताकीद होती.

व्यापारी आपल्याच दुकानाच्या डब्याकडे बघत राहिला.

डॉक्टर हेमांगीला म्हणाले, "तू एक गोष्ट दिलीस. घरच्यांनी मायेपोटी आणखी दोन घातल्या. पण बोट गेलं ते नव्या बाटलीकडे. घरात नवी सून येते, त्याच आठवड्यात दूध नासतं, आणि लोक तिचा पायगुण काढतात. भांडं धुतलं होतं का, हे कोणी बघत नाही. हे औषधही एखादीला सोसत नाही, मी नाही म्हणत नाही. पण ते कळायला त्याला काही दिवस एकट्याला राहू द्यावं लागतं. म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट घ्यावी, आणि तिला दोष देण्याआधी बाकीचं सगळं तपासावं."

व्यापारी सावकाश उठला. पिठाचा डबा त्याने स्वतःच काखोटीला मारला आणि दाराशी उभ्या असलेल्या सुनेजवळ गेला.

"सूनबाई, चूक माझ्या पिठाची होती," तो म्हणाला. "चला घरी. तुमच्या सासूबाईंना हे मीच सांगतो."

सुनेने मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांकडे तिने असे थेट पहिल्यांदाच पाहिले असेल. मग तिने डॉक्टरांना विचारले, वन्संना हळद लावली तर चालेल का? हाता-पायांना खुशाल लावा, गाल तेवढे सोडा, असे डॉक्टर म्हणाले. रेवती हसली, आणि हसताना गाल ओढले गेले तरी ते दुखले नाहीत.

आपल्याही घरात एखादी बाटली, किंवा एखादे माणूस, नुकतेच आले असेल. बोट दाखवण्याआधी पिठाचा डबा एकदा उघडून पाहावा.