परक्या हातातली मोरी

जांभरी नदीवरचा हा बांध बघायला येणारा प्रत्येक जण एक गोष्ट विचारतोच. सकाळी अलीकडच्या हिरडगडचा मोरीवाला बांधावरून चालत पलीकडे केळशेतला का जातो, आणि केळशेतचा मोरीवाला इकडे का येतो? दोघांनी आपापल्या काठाची मोरी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, सांभाळली तर रोजची पायपीट वाचेल की. वाचेल. पण तसं होत नाही, आणि त्याचं कारण धाकू पाथरवटापाशी जातं, असं इथले लोक सांगतात.

तेव्हा हिरडगड आणि केळशेत ही दोन राज्यं होती आणि जांभरी त्यांची शीव. दोन्हीकडच्या बायकांचा जन्म जात्यावर जायचा. पाण्याच्या जोरावर जातं फिरवणारी पाणचक्की कुणीतरी दूरदेशी पाहून आला, तेव्हा हिरडगडचे राजे आणि केळशेतच्या राणीसाहेब यांनी मिळून बांध घालायचं ठरवलं. एक बांध, दोन टोकांना दोन मोऱ्या, दोन चक्क्या. अर्धा बांध यांनी बांधला, अर्धा त्यांनी, आणि मध्यावर सांधा जुळवला.

बांध उभा राहिला, पण मनं तशीच राहिली. त्यांनी आपला अर्धा भाग मुद्दाम कच्चा ठेवलाय, असं यांना वाटे. हे चोरून मोरी उघडून आपल्या चक्कीला जास्त पाणी घेतात, असं त्यांना वाटे. दोन्ही काठांवर बंदूकवाले शिपाई बसले. त्यांना हुकूम एकच होता: राजमुद्रा आल्याशिवाय आपल्या मोरीवाल्यानं आपल्या दाराला हात लावता कामा नये.

हिरडगडच्या मोरीवर धाकू होता. पलीकडे म्हातारी भागाबाई होती. बांध बांधताना दगडाखाली तिचा नवरा गेला, म्हणून ते काम तिला मिळालेलं. सहा वर्षं दोघं रोज समोरासमोर दिसत, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. बोलणाऱ्याची चौकशी व्हायची.

त्या वर्षी हिवाळ्यासाठी पाणी अडवून झालं आणि हस्ताचा पाऊस लागला. चार दिवस उघडला नाही, म्हणे. पाचव्या दिवशी सकाळी धाकू बांधाच्या पायथ्याशी उतरला. मधल्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. झिरपणं नवं नव्हतं. दगडी बांध थोडा पाझरतोच. पण नेहमी नितळ येणारं पाणी आज गढूळ येत होतं. म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून चालली होती. खाली दोन्ही काठांवर मिळून नऊ गावं होती, आणि त्यांतल्या एकात त्याची बायको गोजरी आणि दोन लेकरं.

तो तसाच कारभाऱ्याकडे गेला. दोन्ही मोऱ्या उघडून पाणी सोडायला हवं, एकट्या मोरीनं भागणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. कारभाऱ्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "केळशेतवाल्यांनी काय कबूल केलंय तुला?" आपण आधी पाणी सोडलं की ते आपल्यालाच चोर ठरवणार, हा त्यांचाच डाव आहे, असं त्याचं म्हणणं. त्यानं धाकूवर एक शिपाई वाढवला.

दुपारी धाकू बांधावरून चालत निघाला; मोरीपासून लांब चाललेल्या माणसाला शिपायांनी अडवलं नाही. मध्यावर पोचल्यावर त्यानं भागाबाईला हाक मारली. ती आली, पण चार हात लांब उभी राहिली. धाकूनं सांध्यातलं पाणी भरून आणलेला तांब्या पुढे केला. तिनं पाणी हातावर ओतून घेतलं, बोटांनी चोळलं. माती लागली.

"ही तूच कालवली नसशील कशावरून?" ती म्हणाली.

धाकूला राग आला नाही. तिच्या जागी तो असता तर त्यानंही हेच विचारलं असतं. तिनंही सकाळीच आपल्या अंमलदाराला गढूळ पाण्याचं सांगितलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या, हे त्याला मागाहून कळलं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाई," तो म्हणाला. "माझी मोरी तुम्ही घ्या. मी तुमच्या मोरीवर जातो. मी खोटा निघालो तर तुमच्याच शिपायांच्या हातात असेन."

ती डोक्यावरचं इरलं सावरून त्याच्या बाजूनं पुढे हिरडगडकडे चालू लागली.

हिरडगडच्या शिपायांना धाकूला मोरीपासून अडवायचा हुकूम होता. एका म्हाताऱ्या बाईला अडवायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. केळशेतच्या शिपायांचंही तेच झालं. शत्रूचा माणूस आपण होऊन हाती आला म्हणून ते हसत राहिले. ते उठेपर्यंत दोन्ही रहाट फिरले होते आणि दारं वर गेली होती. पाण्याच्या जोरापुढे ती पुन्हा खाली येईनात, आणि उरलेला दिवस आणि रात्रभर पाणी धो धो वाहून गेलं. बांध टिकला.

टिकला, म्हणूनच कुणी धाकूचं ऐकेना. बांध फुटणारच नव्हता, यानं फुकट पाणी घालवलं, असं सगळे म्हणू लागले. पौषातच चक्क्या थांबल्या. बायका पुन्हा जात्यावर बसल्या आणि दळताना दोघांच्या नावानं बोटं मोडू लागल्या. हिरडगडच्या कारभाऱ्यानं धाकूसाठी सुळाची शिक्षा फर्मावली, केळशेतच्या अंमलदारानं भागाबाईसाठी. दोघांनाही माघारी येता येईना.

पण केळशेतच्या मोरीवर आपला माणूस बसलाय, तो त्यांना एक थेंब जास्त घेऊ देणार नाही, हे हिरडगडच्या राजांच्या लक्षात आलं. राणीसाहेबांनीही भागाबाईबद्दल तसाच विचार केला. दोघांनी गुपचूप ती रीत चालू ठेवली. विश्वास बसला म्हणून नव्हे, बसला नाही म्हणून.

सात वर्षांनी गोजरीला पलीकडे जायची परवानगी मिळाली. ती लेकरांना घेऊन मोरीपाशी गेली. धाकूचे केस पिकले होते. सात वर्षं लोकांनी तिला जे विचारलं होतं, तेच तिनं त्याला विचारलं.

"खरंच फुटणार होता का हो बांध?"

"मला ठाऊक नाही, गोजरी," तो म्हणाला. "कळायचा एकच मार्ग होता, आणि त्या वाटेवर तुम्ही राहत होता."

गोजरीनं तिथंच चूल मांडली, म्हणे.

राज्यं गेली, चक्क्या गेल्या, त्या जागी आता विजेची जनित्रं फिरतात. आजही हिरडगडच्या मोरीवर केळशेतचा माणूस असतो आणि केळशेतच्या मोरीवर हिरडगडचा. आणि आजही, बांध तेव्हा फुटणार होता की नव्हता, यावर दोन्ही काठांची माणसं भांडतात.